दोघांसाठी भरलेले पैसे

मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट मंडळीत निघाली की पहिला प्रश्न असतो, दोष कोणाचा? मुलाचा, मुलीचा, की घरच्या वडीलधाऱ्यांचा? आणि उपासना संपून लोक दाराबाहेर पडेपर्यंत त्याचा निवाडाही झालेला असतो. दुसरा एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही, कारण तो फार लहान व काहीसा हिशेबी वाटतो. लग्न होणार या भरवशावर दोघांच्या नावाने जे पैसे आधीच भरून ठेवले, त्यांचे काय करावे? विशेषतः लग्नानंतर दोघांनी जो प्रवास करावयाचा होता, ज्याची तिकिटे निघाली, खोली ठरली, त्या प्रवासाचे काय? तो आता कोणाचा? या लहानशा प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे असे मला वाटते.

विषय हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पनेने उभे करू. मुलगा पांढुर्ण्याचा, मुलगी सौंसरची. हा भाग पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत, पण घरातले बोलणे, भांडण आणि प्रार्थना मराठीत, अशी येथली रीत. साखरपुडा झाला, लग्नाची तारीख मे महिन्यातली धरली. लग्नानंतर चार दिवस पचमढीला जावयाचे ठरले. मुलाने आपल्या पगारातून रेल्वेची तिकिटे काढली: पांढुर्ण्याहून इटारसी, तेथे गाडी बदलून पिपरिया, व पुढे मोटारीने घाट चढून पचमढी. मुलीच्या थोरल्या भावाने बहिणीला भेट म्हणून तेथल्या हॉटेलात खोली ठरवून तिचे सगळे पैसे आगाऊ भरले. आणि लग्नाला सतरा दिवस उरले असता मुलीने वडिलांना सांगितले की हे लग्न मला करावयाचे नाही. कारण काय, ते आपण विचारू नये. उदाहरण कल्पनेतले आहे, तरी कारण जाणून घेण्याची इच्छा वाचकाच्या मनात आली असेलच. तीच इच्छा अशा प्रसंगी सगळ्या गावाला होते.

कोणी म्हणेल, मधुचंद्र ही मुळातच परक्यांची चाल, श्रीमंतांची हौस. ती मोडली तर एवढा ऊहापोह कशाला? मला तसे वाटत नाही. नवविवाहितांनी काही काळ एकमेकांसाठी मोकळे असावे ही कल्पना फार जुनी आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात नव्या नवऱ्याला एक वर्ष लढाईतून व सार्वजनिक कामातून मोकळीक दिलेली आहे, आणि त्याचे कारण पत्नीला आनंदी करणे हेच सांगितले आहे. मोशेच्या नियमशास्त्राने पूर्ण वर्ष दिले; आपली मुले चार दिवस मागतात. आता पैशांकडे वळू.

पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला आगाऊ पैशांचा व्यवहार शिकवावा लागत नाही. संत्र्याचा बगीचा झाडावर फळ असतानाच ठरतो. व्यापारी येतो, झाडे फिरून पाहतो, अंदाज करतो, मालकाच्या हातावर इसार ठेवतो आणि बाकीचे पैसे तोडणीच्या वेळी. पुढे भाव पडला म्हणून व्यापारी फिरला तर इसार बुडाला, हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असते. हा व्यवहार चांगला आहे. फळ नाशवंत आहे, मालकाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला नकार दिलेला आहे, त्याच्या नुकसानीची काही हमी असावयास हवी. अडचण अशी की हीच बगीच्याची रीत आपण नकळत सोयरिकीलाही लावतो. ज्याने मोडले त्याचे पैसे बुडाले. तिने नाही म्हटले ना, मग तिकिटांचे, खोलीचे, मंडपाचे सगळे तिच्या बापाने भरावे. हे न्यायाचे बोलणे वाटते, आणि पुष्कळ शहाणी माणसेही तेच बोलतात.

पण थोडे थांबून पाहावे. इसार कशासाठी असतो? फिरणे महाग पडावे म्हणून. माणूस सहजासहजी फिरू नये, फिरलाच तर त्याला झळ लागावी, हा त्याचा हेतू. बगीच्यात हा हेतू योग्य आहे. लग्नाच्या आधी मात्र फिरणे महाग व्हावे असे आपल्याला खरोखर वाटते काय? ज्या मुलीच्या मनात शंका आहे, तिने हॉलचे भाडे, बँड, छापलेल्या पत्रिका आणि पचमढीची खोली यांचा हिशेब करून शंका गिळावी, व वेदीपुढे जाऊन उभे राहावे, असे आपल्याला हवे आहे काय? आपल्या घरांतून हे घडते. आईच म्हणते, आता एवढे पैसे गेले, सगळे ठरले, आता कसले नाही म्हणतेस. भरलेले पैसे कुलपासारखे होऊन बसतात. काही हजार रुपये वाचावेत म्हणून दोन जन्म बांधले जातात, आणि त्याला आपण शब्द पाळणे असे नाव देतो.

शब्द पाळण्याचा मुद्दा मात्र हलका नाही. पंधराव्या स्तोत्रात देवाच्या डोंगरावर राहण्यास योग्य अशा मनुष्याची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत एक हेही आहे की वाहिलेल्या शपथेने आपले नुकसान झाले तरी तो ती बदलत नाही. संडे स्कूलच्या शिक्षकाने मुलांना हे स्तोत्र शिकवून झाल्यावर एखाद्या मोठ्या मुलीने विचारले, मग साखरपुडा मोडणे हे पाप का नाही, तर काय उत्तर द्यावे?

माझे उत्तर असे आहे. त्या स्तोत्रातला मनुष्य सोसतो ते स्वतःचे नुकसान. मन नसताना केलेल्या लग्नात नुकसान एकट्या नाही म्हणू न शकलेल्या माणसाचे होत नाही. ज्याला ते लग्न मनापासून हवे होते त्याचेही होते, आणि पुढे मुलांचेही. दुसऱ्याच्या जिवावर पाळलेला शब्द कसा दिसतो हे पाहावयाचे असेल तर शास्ते या पुस्तकाचा अकरावा अध्याय उघडावा. इफ्ताहाने नवस केला आणि तो पाळला, आणि त्याची किंमत त्याच्या एकुलत्या एक लेकीने भरली. त्या गोष्टीत इफ्ताह शब्दाचा पक्का होता याबद्दल कोणाचे दुमत नाही. तरी ती वाचून कोणालाही त्याच्यासारखे व्हावेसे वाटत नाही.

शिवाय आपली स्वतःची विवाहविधीची रीत पाहा. लग्नाची सूचना मंडळीत आधी वाचली जाते, ती कोणाची हरकत असल्यास कळावी म्हणून. आणि लग्नाच्या दिवशी, सगळे पाहुणे जमलेले असता, पाळकसाहेब वराला व वधूला वेगवेगळा प्रश्न विचारतात. त्या दोघांनी साखरपुड्यातच होकार दिलेला असतो, मग पुन्हा विचारण्याचे कारण काय? कारण त्या क्षणापर्यंत उत्तर मोकळे आहे असे मंडळी मानते. ज्या प्रश्नाला होय एवढेच उत्तर चालते तो प्रश्न नव्हे. मंडळी शेवटच्या क्षणापर्यंत दार उघडे ठेवते आणि आपण घरी बसून त्याला पैशांची कडी लावतो, हे विसंगत आहे.

देशाचा कायदासुद्धा येथे आपल्यापेक्षा सौम्य आहे. १८७२ साली करार कायदा झाला, आणि त्याच साली भारतीय ख्रिस्ती विवाह कायदाही झाला. लग्नाचे वचन मोडल्याबद्दल नुकसानभरपाई मागता येते, पण वचन दिले म्हणून लग्न कराच असा हुकूम न्यायालय देत नाही. आणि करारात दंडाची मोठी रक्कम लिहून ठेवली असली तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. दंड म्हणून दंड वसूल होऊ देत नाही. म्हणजे निव्वळ व्यवहारातही, नुकसान भरून देणे वेगळे आणि शिक्षा करणे वेगळे, हा भेद दीडशे वर्षांपूर्वीच मान्य झालेला आहे. ख्रिस्ती घराने त्याहून कडक का व्हावे?

याचा अर्थ मोडणाऱ्याने काहीच देऊ नये असा नाही. त्या पांढुर्ण्याच्या मुलाचे तिकिटांचे पैसे गेले, ते कोणी सोसावे? येथे मला रेल्वेच्या खिडकीवरच एक शहाणपण सापडते. आरक्षित तिकीट रद्द केले तर रेल्वे काही पैसे कापते. फार आधी रद्द केले तर थोडे, गाडीची वेळ जवळ आली तर जास्त, आणि फारच उशीर झाला तर काहीच परत मिळत नाही. तुम्ही का जात नाही हे ती खिडकी विचारीत नाही. फक्त एवढेच विचारते की तुम्ही केव्हा सांगितले. कारण वेळेवर सांगितले तर ती जागा दुसऱ्याला मिळते, आणि उशिरा सांगितले तर रिकामी जाते.

हाच नियम मी सोयरिकीला लावीन. नाही म्हणण्याबद्दल कोणी दंड भरू नये. पण नाही असे मनात पक्के झाल्यावर जितके दिवस तोंड बंद ठेवले, त्या दिवसांत जे खर्च झाले ते मौन बाळगणाऱ्याने सोसावे. सौंसरच्या मुलीचे मन सतरा दिवस आधी बदलले आणि तिने त्याच दिवशी सांगितले, तर तिकिटांत जे कापले जाईल ते दोघांनी अर्धे अर्धे घ्यावे, कारण प्रवास दोघांनी ठरवला होता. पण तिला चार महिन्यांपूर्वीच कळून चुकले होते, आणि तरी भावाला खोलीचे पैसे भरू दिले, मुलाला तिकिटे काढू दिली, तर त्या तुटीचा भार तिच्यावर येतो. अर्थात हे मुलालाही तितकेच लागू आहे. आमच्याकडे मुलाने मोडले तर मुलीच्याच घराने गप्प बसावे अशी जी एक चाल आहे, तिला कोणत्याही शास्त्राचा आधार मला सापडलेला नाही.

आणि ज्या घरात नाही म्हणणे मुलीला जड जाते, आई-बाप रागावतील, काका मारतील, या धाकाने ती चार महिने गप्प राहिली, तेथे काय? तेथे तो उशीर तिचा एकटीचा नव्हे. ज्यांनी धाक घातला त्यांनीही तो उशीर केला, आणि हिशेबात त्यांचाही वाटा धरावा. असे बोललेले काही घरांत आवडणार नाही हे मला ठाऊक आहे.

आता योसेफाकडे येऊ. नाताळच्या नाटकात त्याचे काम करणाऱ्या मुलाला बहुधा बोलावयाला काहीच नसते. दाढी लावून तो मरीयेशेजारी उभा राहतो. पण मत्तयाच्या पहिल्या अध्यायात देवदूत स्वप्नात येण्याआधीची एक रात्र आहे आणि ती आपण घाईने ओलांडतो. यहूद्यांची मागणी आपल्या साखरपुड्याहून घट्ट होती. ती मोडावयास सूटपत्रच लागे. योसेफाला जे कळले त्यावरून आपली फसवणूक झाली असे त्याला वाटणे साहजिक होते. चारचौघांत आरोप करून त्याला आपली बाजू धुऊन घेता आली असती. तो ठरवतो ते हे की तिची बेअब्रू न करता गुपचूप सोडावे. आणि लक्षात घ्या, मत्तय त्याला नीतिमान म्हणतो ते हा निर्णय सांगताना, देवदूताची आज्ञा मानल्यावर नव्हे. पुढे तो निर्णय बदलावा लागला, कारण माहिती अपुरी होती. पण सोयरीक मोडावयाची झाल्यास नीतिमान मनुष्य ती कशी मोडतो, याचे उदाहरण शुभवर्तमानाने दिले आहे. संडे स्कूलच्या वरच्या वर्गात हा पाठ नाताळ सोडून एरवीही घ्यावा, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

याच्या उलट काय होते ते पाहावयाला पांढुर्ण्याच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी जीवही गेलेले आहेत. प्रशासनाने नाना उपाय केले, तरी ती चालू आहे. तिच्यामागची गोष्ट अशी सांगतात की पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावच्या मुलीला पळवून आणले, आणि नदी ओलांडताना दोन्ही गावांच्या दगडांखाली ते दोघे मेले. गोष्ट खरी किती, यावर लोकांत मतभेद आहेत. मला तिच्यातले एवढेच दिसते की त्या दोघांना कोणी ओळखत नाही, त्यांची नावे कोणी घेत नाही, आणि दगड मात्र अजून चालू आहेत.

मोडलेल्या सोयरिकीत पैशांचा हिशेब पुष्कळदा असाच दगडांचा ढीग होतो. हजार-दीड हजाराच्या कापलेल्या तिकिटावरून दोन घरे दहा वर्षे एकमेकांच्या दुखवट्यालाही जात नाहीत. ज्या मुलाचे मन दुखावले आहे तो म्हणतो, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. माझा अनुभव असा की माणूस असे म्हणतो तेव्हा प्रश्न पैशांचाही नसतो आणि तत्त्वाचाही नसतो. त्याला त्या मुलीकडून अजून एक पत्र, अजून एक भेट, अजून एक भांडण हवे असते. हिशेब अपुरा ठेवणे हा संबंध शिल्लक ठेवण्याचा मार्ग होऊन बसतो. म्हणून हिशेब लवकर व्हावा. दोन्ही घरांना मान्य असा एकच मनुष्य मध्ये असावा, शक्यतो पाळकसाहेब नव्हेत, कारण त्यांना पुढे दोघांनाही सांत्वन द्यावयाचे असते. कोणी काय भरले, काय परत आले, काय बुडाले हे एका कागदावर लिहावे, आठवड्याच्या आत देणे-घेणे पुरे करावे, आणि तो कागद जपून ठेवू नये.

उलट टोकाचे एक वागणेही आहे आणि ते उदार दिसते म्हणून फसवते. मला काही नको, सगळे तूच ठेव, तिकीटही तूच घे, असे म्हणणारा. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड याने १८४१ साली रेगीने ओल्सेन हिच्याशी झालेला साखरपुडा मोडला, अंगठी परत पाठवली आणि काही आठवड्यांनी बर्लिनला निघून गेला. रेगीनेने पुढे दुसऱ्याशी लग्न केले. १८५५ साली किर्केगार्ड वारला तेव्हा त्याने आपले जे काही होते ते तिच्या नावे करून ठेवलेले निघाले. त्याच्या दृष्टीने साखरपुडा लग्नाइतकाच बंधनकारक होता. तिने ती मालमत्ता घेतली नाही. आपली पत्रे आणि काही किरकोळ वस्तू तेवढ्या मागितल्या. एवढ्या थोर बुद्धीच्या माणसालाही कळले नाही ते तिला कळले असे मला वाटते: परत न फेडता येणारे देणे दुसऱ्याच्या पदरात टाकणे हीही त्याला बांधून ठेवण्याची एक तऱ्हा आहे. जे आपले आहे ते मागून घ्यावे, दुसऱ्याचे द्यावे. त्याहून मोठे औदार्य त्या वेळी झेपत नसते.

आता प्रवासाचा प्रश्न. हिशेब झाला, पण खोली ठरलेली आहे आणि तिचे पैसे हॉटेलवाला परत देत नाही. मग जावे की नाही? गेले तर कोणी?

प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात एक ठरलेला प्रवास असाच मोडतो. पौल बर्णबाला म्हणतो, आपण पूर्वी गेलो त्या गावांतल्या बंधूंना पुन्हा भेटून येऊ. बर्णबाला योहान मार्काला बरोबर घ्यावयाचे असते. पौल म्हणतो, पंफुल्यातून जो आपल्याला सोडून गेला त्याला नको. वाद इतका पेटतो की दोघे वेगळे होतात. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास जातो, तो त्याचा मूळ देश; पौल सीलाला निवडून सूरिया व किलिकियातून जातो. लूक येथे कोण बरोबर होते हे सांगत नाही. प्रवास रद्द झाला असेही नाही. तो वाटून घेतला गेला. आणि सीला हा बर्णबाच्या रिकाम्या जागेवर बसवलेला मनुष्य नव्हता. तो स्वतःच्या योग्यतेने आला, आणि पुढे फिलिप्पैच्या तुरुंगात तोच पौलाच्या शेजारी होता.

म्हणून जावयास हरकत नाही, पण दोन गोष्टी तपासाव्यात. एक, सूड म्हणून जाऊ नये. पचमढीला जाऊन तेथले हसरे फोटो मुद्दाम तिच्या ओळखीच्यांना दाखविण्यासाठी जो जातो, तो नदीच्या काठावर दगड घेऊनच उभा आहे. दुसरे, कोणालाही भरतीचा मनुष्य म्हणून नेऊ नये. पैसे फुकट जातील म्हणून चुलतबहिणीला ओढून नेले आणि चार दिवस तिच्यापुढे रडगाणे गायिले, हे तिच्यावर अन्यायाचे आहे. मित्राला न्यावे तर त्याला आधी सांगावे की मी असा असा आहे, तुला जमेल का.

येथे रेल्वेचा नियमही जाणून घ्यावा, कारण पुष्कळांची त्यात फजिती होते. ज्याच्या नावाचे तिकीट त्यानेच प्रवास करावा, असा १९८९ च्या रेल्वे कायद्याचा दंडक आहे. नाव बदलून मिळते ते मुख्यतः आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्यासाठी, आणि त्याकरिता गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी अर्ज द्यावा लागतो. म्हणजे मुलाने पैसे भरले असले तरी मुलीच्या नावाच्या तिकिटावर तो आपल्या बहिणीला नेऊ शकत नाही. वाग्दत्त वधूची बहीण-भावंडे ही रेल्वेच्या लेखी तिचीच. एकाच तिकिटावर दोघांची नावे असली तरी एकाचे नाव रद्द करून दुसऱ्याला जाता येते. तिचे नाव घालून दुसरीच मुलगी बसवून नेणे हा मात्र खोटेपणा आहे, पकडले जावो वा न जावो.

खोटेपणाची दुसरी जागा म्हणजे हॉटेल. पैसे परत मिळावेत म्हणून घरात मयत झाली असे सांगणारे, ओळखीच्या डॉक्टरकडून आजारपणाचे सर्टिफिकेट आणणारे लोक आपल्यातही आहेत. त्यांना वाटते, हॉटेलवाला श्रीमंत आहे, त्याचे काय जाते. खरे सांगून पाहावे. लग्न मोडले एवढे सांगितले तर पुष्कळ हॉटेलवाले पैसे देत नाहीत, पण तारीख पुढे ढकलून देतात. पावसाळ्यातली किंवा हिवाळ्यातली एखादी तारीख घ्या म्हणतात. आपल्या उदाहरणात तर खोलीचे पैसे भावाने भरले आहेत. भेट लग्नासाठी होती, लग्न नाही, तेव्हा ती भेट त्याच्याकडे परत जाते. बहिणीची ती नाही आणि नवरदेवाची तर नाहीच. भावाने तारीख बदलून आई-वडिलांना पाठवले तर फार चांगले. लेकीचे लग्न मोडल्यावर त्या दोघांची जी अवस्था होते तिच्याकडे मंडळीत कोणी लक्ष देत नाही. सौंसरहून छिंदवाडा, तामिया करीत मोटारीने जाता येते. पचमढीत १८७५ च्या सुमारास बांधलेले ख्राईस्ट चर्च आहे, रंगीत काचांचे. रविवारी तेथे जाऊन बसावे. तेथे कोणी त्यांना काही विचारणार नाही.

ठरलेला बेत बदलणाऱ्याला लोक चंचल म्हणतात, याचा अनुभव पौलाला करिंथकरांकडून आला. येतो म्हणून सांगितले आणि गेला नाही. त्यावर त्यांनी त्याला, होय होय आणि नाही नाही एकाच तोंडाने बोलणारा ठरविले. दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो याचे उत्तर देतो, आणि त्याला ही गोष्ट लागलेली आहे हे दिसते. त्याचे म्हणणे असे की मी आलो नाही ते तुम्हाला वाचविण्यासाठी. त्या वेळी आलो असतो तर दुःखच दिले असते. न जाणे हेही कधी प्रेमाचे असते. ज्या मुलीने सतरा दिवस आधी नाही म्हटले, तिच्याविषयी बोलताना मंडळीतल्या भगिनींनी एवढी शक्यता तरी मनात ठेवावी. आणि तिचे नाव प्रार्थनासभेत विषय म्हणून मांडण्यापूर्वी तिला विचारावे. आपल्याकडे पुष्कळ चहाड्या प्रार्थनेचा विषय म्हणूनच घरोघरी पोचतात.

साखरपुड्यात मंडळीने दिलेल्या भेटींचे काय, असे कोणी विचारील. पाकिटातले पैसे व मोठ्या वस्तू परत कराव्यात. ज्यांनी दिल्या त्यांनीही त्या निमूटपणे घ्याव्यात, नको नको म्हणून त्या बिचाऱ्यांना दारात दहा मिनिटे उभे करू नये. मिठाईचा हिशेब कोणी धरू नये. आणि पुढच्या रविवारी दोन्ही घरे उपासनेला आली, तर त्यांना बसावयाला नेहमीचीच जागा मिळेल एवढे पाहावे. मार्काला नको म्हणणाऱ्या पौलानेच कित्येक वर्षांनी तीमथ्याला लिहिले की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. पण मध्यंतरी किती वर्षे गेली, हे त्याने लिहिलेले नाही.